येळवशीला थांबलेले ठिपके

मार्गशीर्ष उतरणीला लागला की सकाळी सोलापुरातून विजापूर रस्त्यानं गाडी काढावी आणि काच खाली करावी. आधी साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास येतो, इतका जाड की भाकरीला लावून खाता यावा. मग मंद्रूपच्या अलीकडे ज्वारीच्या रानांवरून गार वारा सुटतो आणि तो वास मागे राहतो. रस्त्याच्या कडेला ट्रॉल्यांतून गळालेल्या उसाच्या कांड्या चाकांखाली चिरडून पांढऱ्या पडलेल्या असतात. हरभऱ्याच्या रानातून चालत गेलात तर पँट गुडघ्यापर्यंत भिजते आणि ते दव बोटानं जिभेला लावलं तर आंबट लागतं. लहानपणी आम्ही पहाटे धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून फिरवायचो आणि ते पिळून ही आंब बाटलीत भरायचो. पोटदुखीवर औषध म्हणून. औषध पिण्यासाठी पोट दुखवून घेणारा मी एकटाच होतो.

यंदाही परवा काच खाली केली, तो वास आला, आणि मला लाज वाटली. चार वर्षं झाली, हे दोन्ही एकत्रच येतात.

माझी एक कंपनी आहे. त्या हंगामात कंपनी म्हणजे मी, व्हिएतनाममधल्या दा नांग शहरात बसलेली लिन नावाची इंजिनिअर, आणि जुळे सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. आमचं काम असं: गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. दीड-दीड दिवस ट्रॉल्या उभ्या असतात, ऊस उन्हात वाळतो, ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतात. आम्ही ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकलं होतं. त्यानं कुठला ट्रॅक्टर कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसायचं आणि ड्रायव्हरला निरोप जायचा: तुझी पाळी अमुक वाजता, तोवर रानातच थांब. मंद्रूपकडच्या गेटनं येणाऱ्या सव्वीसच्या सव्वीस ट्रॅक्टरांवर आम्ही हे करून बघत होतो.

‘आपल्याकडं इंजिनेर संपले व्हय रं?’ असं माझ्या चुलत्यांनी विचारलं होतं. संपले नव्हते, पुण्याला गेले होते. त्यांना फोन केला की ते सोलापुरात उन्हाळ्यात किती तापमान असतं ते विचारायचे आणि उत्तर ऐकून पुन्हा फोन करायचे नाहीत. म्हणून मी समुद्रापलीकडे जाळं टाकलं. पहिले गावले ते युरोपातल्या एका थंड देशातले गृहस्थ. ते नऊ दिवस टिकले. मी त्यांना दर तासाला ‘झालं का?’ असं विचारायचो. आमचे वडील ऊसतोडीच्या टोळीवर लक्ष ठेवायचे ते असंच, बांधावर उभं राहून. कामावर माणूस ठेवण्याची दुसरी पद्धत मी पाहिलीच नव्हती. दहाव्या दिवशी त्या सज्जन माणसानं लिहिलं, ‘तुमच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात माझा दिवस जातो. काम कधी करावं, ते कृपया कळवा.’ ते मी अजून ठरवतोच आहे.

मग लिनची मुलाखत. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, घसा खाकरला, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घरी कोण कोण असतं?’ दुसरा, ‘वडील काय करतात?’ तिसरा, ‘भावंडं?’ आमच्या घराण्यात अनोळखी मुलीची समोर बसून चौकशी करण्याचा प्रसंग एकाच कारणानं येतो आणि मी तीन बहिणींच्या वेळी पोह्यांच्या बश्या फिरवत तो पाहिलेला. तोंडातून तेच आलं. चौथा प्रश्न स्वयंपाकाचा असणार होता, तो मी दातांत धरून ठेवला. लिननं तिन्ही उत्तरं शांतपणे दिली. आई, आजी, एक भाऊ. वडील मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करत. मग ती म्हणाली, ‘आता मी विचारू? ड्रायव्हर रांगेत थांबतात तेव्हा काय करतात?’

मला ठाऊक नव्हतं. मंद्रूपचा मी, उसाच्या ट्रॅक्टरांवर कंपनी काढलेला मी, आणि मला ठाऊक नव्हतं.

‘बघून सांगाल का?’ ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारानं मला गृहपाठ दिला. मी जाऊन रांगेत बसलो. मल्लप्पा नावाच्या, पिकल्या मिश्यांच्या ड्रायव्हरनं मला ट्रॉलीच्या सावलीत जागा करून दिली. ‘काय करतावं म्हंजे? पत्ते खेळतावं. झोपतावं. फोन बंद करून ठेवतावं, चार्जिंग कुटं हाय हितं?’ फोन बंद! मग ठिपका दिसेल कसा? दोन महिने मी ज्यांना रांग सोडून पळालेले ड्रायव्हर समजून शिव्या देत होतो, ते झोपलेले ड्रायव्हर होते. हे मी लिनला कळवलं त्या दिवशी ती कामावर आली, आणि तिनं पहिलं काय केलं असेल तर ॲप इतकं हलकं केलं की फोन दोन दिवस पुरावा.

तिच्या कामाचं मला फार अप्रूप वाटायचं. कोणताही बदल करण्याआधी ती चार ओळी लिहायची: हे का करतेय, यात काय बिघडू शकतं, बिघडलं तर मागे कसं यायचं, आणि कुणाला त्रास होईल. ही शेवटची ओळ मी कुठल्याही इंजिनिअरकडे पाहिली नव्हती. चूक सापडली की ती ‘माझी’ म्हणायची आणि दुरुस्त करून मोकळी व्हायची. माझ्याकडून चूक झाली की मी आधी विजेला, मग नेटवर्कला, मग महानगरपालिकेला नावं ठेवायचो.

तिच्यासमोर आपण जगातले वाटावं म्हणून मी काय काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. आमच्या खालच्या दुकानात दिवसभर उखळात चटणी कुटायचे. ठक, ठक, ठक. फोनवर लिननं विचारलं, ‘हा आवाज कसला?’ मी म्हणालो, ‘शेजारी मोठी इमारत उभी राहतेय.’ ती इमारत पुढचे आठ महिने उभी राहत होती. माझ्या पाठीमागे शेंगांची पोती रचलेली दिसायची, म्हणून मी टॉवेलच्या दुकानातून पांढरं कापड आणून पडदा लावला. लिनला वाटायचं मी दवाखान्यात बसतो.

आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर! परदेशी माणसांना कसं सांभाळावं यावर मी बरंच वाचलं होतं. त्यात लिहिलेलं, त्यांच्या सणांचा मान ठेवा. मी ठेवला. त्यांचं नवं वर्ष लाल रंगात. शरदातल्या पौर्णिमेचा त्यांचा सण लाल रंगात. तिच्या आजोबांचं वर्षश्राद्ध त्यांच्या चांद्र पंचांगाप्रमाणे येतं, तेही तारीख काढून लाल रंगात घातलं. तो रकाना पाहून ती ‘थँक यू, शिवा’ म्हणाली. मी तीन दिवस छाती काढून हिंडलो. आमच्या बाजूला मी दिवाळी लिहिली आणि सव्वीस जानेवारी. बाकी आपलं काय, चालतंच.

मग तो डिसेंबर आला. लिननं एका सकाळी सरळ सांगितलं, ‘मला इथल्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. लपवून ठेवायला मला आवडत नाही.’ लिन गेली तर कंपनी म्हणजे मी आणि दोन खोल्या. मी विचारलं, ‘काय केलं तर राहशील?’ ती म्हणाली, ‘कारखान्यानं आपलं काम घेतलं, तर. मी केलेली गोष्ट एकदा तरी खरी चालताना मला बघायची आहे. नाही तर मी नुसते ठिपके रंगवतेय.’

कारखान्याचे शेतकी अधिकारी नवे होते, सांगलीकडचे, ताठ माणूस. त्यांच्यापुढे मी दिवाळीपासून हात जोडत होतो, तेव्हा कुठं ते म्हणाले, ‘एक दिवस द्या. त्या दिवशी तुमचे सव्वीस ट्रॅक्टर ठरल्या वेळी गेटवर आले पाहिजेत. मी स्वतः खुर्ची टाकून बसतो.’ ठरला दिवस. मी लिनला तारीख कळवली. तिनं आपल्या भिंतीवरचं काही तरी बघितलं आणि विचारलं, ‘त्या दिवशी चंद्र नवा आहे ना? माझी आई अशा दिवशी नवीन काम काढत नाही. तुमच्याकडे काही असतं का?’

काही असतं का! मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवसाला येळवस म्हणतात. अक्कलकोटापासून मंद्रूपापर्यंत, शिवाय पलीकडे कर्नाटकात, त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळी रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. ताकातल्या ज्वारीची लसूण घातलेली आंबील रानभर शिंपडत कानडीत एक आरोळी ठोकायची, तिचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. आणि मग जेवायचं. आपल्या रानात, शेजारच्या रानात, रस्त्यानं जाणाऱ्याला ओढून आणून त्याच्यासोबत. या दिवशी कुणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही आणि कुणाला नाही म्हणायचं नाही.

हे सगळं माझ्या रक्तात असताना मी लिनला काय सांगितलं? पडद्यापुढे ताठ बसून, हसून सांगितलं, ‘छे छे. आम्ही अमावस्या वगैरे मानत नाही.’

तुम्ही म्हणाल, विसरला होतास का? विसरलो नव्हतो. येळवस आहे हे मला ठाऊक होतं आणि ट्रॅक्टरांची चाचणी आहे हेही ठाऊक होतं. पण येळवस आईच्या स्वयंपाकघरातल्या पंचांगात होती आणि चाचणी माझ्या लाल रकान्यांच्या कॅलेंडरात. ही दोन्ही एकाच सूर्याखाली उगवणार आहेत, हा विचार डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिथं आधीच मी बसलो होतो.

त्या दिवशी सकाळी सातला आईचा फोन. ‘शिवू, गाडी काढ. कोप बांधून झाली. सगळी वाट बघालेत.’

‘आई, आज फार मोठं काम आहे गं.’

‘मग काम काय पळून चाललंय? पांडवाला निवद दाव अन् जा की.’

मी लिनला लिहिलं, ‘घरचं काम आहे, अकरापर्यंत येतो. तू ठिपक्यांकडे बघ.’ आणि निघालो. अकरा! येळवशीच्या रानातून अकराला परत आलेला माणूस आजवर जन्मलेला नाही. पूजा झाली, आंबील शिंपडली, पंगत बसली. पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची चिंच घातलेली दाट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. उठायला लागलो की चुलते खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचे. आमचं रान ओढ्याकाठी खोलगट जागी आहे, तिथं फोनला रेंज नाही. आमच्यात जेवून झालं, मग शेजारच्यांनी ओढून नेलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. प्रत्येक कोपीत थोडं तरी खावं लागतं. दुपारी चारच्या सुमाराला, पोटाचा तंबोरा झालेला, मी चढावरच्या एका रानात पोचलो. तिथं लिंबाखाली एक ट्रॅक्टर उभा. ट्रॉली रिकामी. आणि त्याच्या सावलीत घोंगडीवर मांडी घालून मल्लप्पा उंडा मोडत होता.

‘मल्लप्पा!’ मी ओरडलोच. ‘तू इथं कसा?’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या डोक्याला ऊन लागलंय. ‘मग कुटं असू? येळवस हाय की.’

‘अरे पण आज चाचणी! साहेब गेटवर बसलेत!’

‘बसू द्या. तुमी पन हितंच हाय की शिवाण्णा.’ बायामाणसं हसली. ‘ऊट माडरी, आदी जेवा, मग बोला.’

त्या क्षणी मला सव्वीस ट्रॅक्टर दिसले. सव्वीस रानांत, सव्वीस झाडांखाली, सव्वीस रिकाम्या ट्रॉल्या. गेटवर खुर्ची टाकून बसलेले सांगलीकर दिसले. आणि दा नांगमध्ये नकाशासमोर बसलेली लिन दिसली, जिला मी सांगितलं होतं, आम्ही अमावस्या मानत नाही.

मी फोन काढला. चढावर रेंज होती. एकामागून एक निरोप पडायला लागले, वाळवणावर गारा पडाव्यात तसे. साहेबांचे अकरा फोन. आणि लिनचे निरोप. ते मी त्या लिंबाखाली उभ्यानं वाचले आणि आजही कधी कधी वाचतो.

पहिला: ‘ठिपके हलत नाहीत. माझ्या काल रात्रीच्या बदलामुळे असेल. मागे घेतेय.’ दुसरा: ‘मागे घेतला. तरी हलत नाहीत. मी चूक शोधतेय. काळजी करू नका.’ काळजी करू नका! मी तेव्हा दुसरी वाटी खीर घेत होतो. पुढे एकेक करून तिनं स्वतःचं सगळं काम उकलून बघितलेलं, जशी बाई आपण विणलेला स्वेटर उसवते. सर्व्हर तपासला, नकाशा तपासला, वेळ तपासली. प्रत्येक ठिकाणी ‘इथं माझी चूक नाही’ असं लिहून पुढे. आणि मग दुपारच्या सुमाराला एक वेगळाच निरोप: ‘शिवा, बिघाड असता तर ठिपके कुठेही थांबले असते, रस्त्यावर, वळणावर. हे सगळे शेतात थांबलेत आणि सगळे झाडापाशी आहेत. मी उपग्रहाच्या चित्रावर पाहिलं. यंत्र अशी सावली शोधत नाही. माणसं शोधतात. मी एका ड्रायव्हरला फोन करतेय.’

मी मान वर केली. मल्लप्पा मिशीला लागलेली खीर पुसत होता.

‘व्हय, आलता की बाईंचा फोन,’ तो म्हणाला. ‘मला कायबी कळंना. सूनबाईकडं दिला.’

मल्लप्पाची सून सुनंदा गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती पदर खोचून पुढे आली. ‘काका, त्या घाबऱ्याघुबऱ्या होत्या. म्हणल्या, कुणाला काही झालंय का? ट्रॅक्टर का थांबलेत? मी म्हणलं, काही झालं नाही हो, आमचा सण आहे, आम्ही जेवतोय. तर त्या एवढ्या हसल्या! मग मी व्हिडिओ लावला. कोप दाखवली, पांडव दाखवले. मामंजी म्हणाले, बाई, जेवायला या.’

‘मग काय म्हननार?’ मल्लप्पा म्हणाला. ‘आजच्या दिवशी आलेल्या मानसाला जेवूनच जा म्हनायचं असतं. फोनमदून आली म्हनून काय झालं?’

‘मग त्यांनी आपला भाताचा वाडगा आणला,’ सुनंदा म्हणाली, ‘आणि आमच्यासोबत बसून जेवल्या. मी भज्जीचं ताट कॅमेऱ्यापुढे धरलं, त्यांनी आपला घास वर करून दाखवला. सासूबाईंनी तर फोनला कुंकू लावलं.’ फोनच्या काचेवर लाल बोट अजून होतं.

मी खाली बसलो. चाचणी बुडाली होती, साहेब गेलेले असणार, लिन उद्या त्या मोठ्या कंपनीला हो म्हणणार. आणि याला जबाबदार असलेल्या माणसानं सकाळपासून पाच कोपींत जेवण केलेलं. मी तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ‘लिन, मी चुकलो,’ एवढंच म्हणालो.

‘हो,’ ती म्हणाली. ‘पण आता ते नंतर. उद्याचं बघायचंय.’

‘उद्याचं काय?’

‘सुनंदानं सांगितलं, आज कुणी येणार नाही, म्हणजे उद्या पहाटे सगळे एकदमच निघणार. दरवर्षी त्या दिवशी सगळ्यात मोठी रांग लागते. खरं ना?’

खरं होतं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. आणि मला त्या क्षणापर्यंत सुचली नव्हती. तिनं दुपारभरात सव्वीस जणांची पाळी आखली होती. उद्या कोण किती वाजता भरणार, हे तिनं सुनंदाला विचारायला सांगितलेलं. सुनंदानं ते शेजारच्या रानात सांगितलं, त्यांनी पुढच्या. येळवशीला माणसं एका रानातून दुसऱ्या रानात जेवत जातातच, त्यांच्यासोबत निरोपही गेला आणि उत्तरंही आली. फोन न उचलणाऱ्यांकडूनसुद्धा. मी जे तीन महिने छापील कागद वाटून, प्लॅस्टिक चढवून, दम देऊन करू शकलो नव्हतो, ते जेवता जेवता झालं.

‘पण हे पाळी पाळणार आहेत का?’ मी मल्लप्पाला हळूच विचारलं. कारण पाळीचा निरोप आला की हेच लोक इतके दिवस काय करत, तर सगळ्यात आधी पळत सुटत. पुढच्याच्या पुढे घुसणं हा रांगेचा धर्म.

मल्लप्पानं हात धुतले, धोतराला पुसले. ‘आता कसं मोडायचं?’ तो म्हणाला. ‘बाई आमच्यात जेवली. जेवलेल्या मानसाचा शब्द खाली पाडायचा व्हय?’

दुसऱ्या दिवशी उजाडता मी गेटवर होतो. शेतकी अधिकारी साहेब आधीच आलेले, मफलर गुंडाळून, खुर्चीवर. त्यांच्या हातात एक छापलेला कागद. लिननं दुपारी त्यांना परस्पर लिहिलं होतं: काल यंत्र बरोबर होतं, आमची माहिती अपुरी होती, उद्या हे ट्रॅक्टर या वेळी येतील. खाली सव्वीस नावं. साहेबांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं, आणि ते पाहणं मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला ट्रॅक्टर आला. साहेबांनी घड्याळ बघितलं, कागदावर टिक केली. दुसरा आला. तिसऱ्याला दहा मिनिटं उशीर. चौथा आपली वेळ झाली तरी तिसऱ्याची वाट बघत बाहेर बाभळीखाली थांबला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मल्लप्पा आला तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कालची ज्वारीची कणसं बांधलेली होती. नऊपर्यंत ट्रॅक्टर येत राहिले, वजनकाट्यावर चढत राहिले, उतरत राहिले, आणि गेटबाहेर कधीही चारपेक्षा जास्त दिसले नाहीत.

साहेबांनी गेटवरच्या वॉचमनला बोलावलं. ‘मला सांगितलं होतं, या दिवशी इथून हायवेपर्यंत रांग असते. खरं का?’

‘व्हय साहेब. दरसाल.’

साहेब उठले, गेटबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. धुकं निवळत होतं, रस्ता रिकामा होता, एक कुत्रं मधोमध बसून पाय खाजवत होतं.

‘मग कुठाय ती?’ असं स्वतःशीच म्हणाले आणि आत जाऊन सही केली.

त्या दुपारी मी लिनला फोन केला. पडदा काढून ठेवला होता. मागं शेंगांची पोती, खालून ठक ठक. ‘काम मिळालं,’ मी म्हणालो. ‘आता तू सांग.’

ती म्हणाली, ‘मला एकाच गोष्टीचा राग आलाय. माझ्या आजोबांचा दिवस तुम्ही लाल रंगानं लिहिलात. मला तेव्हा वाटलं, या माणसाला कळतं. आणि तुमचा स्वतःचा दिवस तुम्ही माझ्यापासून लपवलात. काल पाच तास मी माझं चांगलं काम उसवत बसले होते, शिवा. कशासाठी? तुम्हाला माझ्यासमोर शहाणं दिसायचं होतं म्हणून?’

माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळ लोक ओरडलेत, वडील, मास्तर, बायको, पण इतकं नेमकं कुणी बोट ठेवलं नव्हतं. माणूस दुसऱ्याच्या देवाला हात जोडून मोठा होतो आणि आपल्या देवाला खिशात घालून लहान, हे मला दा नांगमधल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून कळावं!

‘हो,’ मी म्हणालो. ‘त्यासाठीच.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मी राहते. पण यापुढे काय चाललंय ते मला खरं सांगायचं. हा आवाज कसला आहे?’

‘शेंगांची चटणी कुटतायत.’

‘मला वाटलंच होतं. इमारत इतकी तालात बांधत नाहीत.’

आता आम्ही सात जण आहोत. दोघे इथं, पाच जण समुद्रापलीकडे, तीन देशांत. माणसं निवडण्याचं काम मी लिनकडे दिलंय, कारण मी अजूनही तिसऱ्या मिनिटाला भावंडांवर घसरतो. गेल्या आठवड्यात पेरू देशातल्या एका तरुण इंजिनिअरची मुलाखत होती. हुशार वाटला, जरा घाबरलेला. मी कोपऱ्यातल्या चौकटीत आवाज बंद करून बसलो होतो, तसं बसण्याची मला परवानगी आहे. शेवटी त्यानं विचारलं, ‘काम करताना एखादी गोष्ट अचानक पूर्ण थांबली, तर तुमचा नियम काय आहे? आधी काय तपासायचं?’

मला वाटलं, आता लिन त्या चार ओळी सांगेल.

‘आधी,’ लिन म्हणाली, ‘माणसं जेवतायत का ते बघायचं.’

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानं वही ओढून ते लिहून घेतलं. मग पेन वर करून विचारलं, ‘आणि ते मला इतक्या लांबून कसं कळणार?’

‘फोन करायचा,’ ती म्हणाली. ‘ते जेवायला बोलावतील. हो म्हणायचं.’